एका कामापुरतं हत्यार

मारुती 800 चं इंजिन खोलायला बसलं की घरातला पान्यांचा डबा पहिल्या तासातच अपुरा पडतो. नट-बोल्ट पान्यांनी सुटतात. पण वॉल्व्हची स्प्रिंग दाबून धरायची, रिंगा आवळून पिस्टन सिलिंडरमध्ये उतरवायचा, क्लच प्लेट नेमकी मधोमध बसवायची, तर प्रत्येक कामाला वेगळं हत्यार लागतं. ते वर्षा-दोन वर्षांतून एकदा लागणार, म्हणून विकत घेणं जिवावर येतं.

पुण्याच्या धायरीत अशा वेळी माणूस अडत नाही. धायरी फाट्यावरून नऱ्ह्याच्या बाजूला शिरलं की नव्या सोसायट्यांच्या मधूनमधून पत्र्याच्या शेड लागतात. कुठे लेथ चालू असतो, कुठे वेल्डिंगच्या ठिणग्या उडत असतात. धायरीचा उरलेला भाग 2017 मध्ये महापालिकेत आला, इमारती वाढल्या, तरी या शेड अजून तग धरून आहेत. पट्टीला दोन भोकं पाडून घेणं, पाइपचा तुकडा कापून घेणं ही कामं तिथं उभ्या उभ्या होतात. बाकीचं जुन्या बाजारात, नाहीतर भंगारात.

मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आली आणि 2014 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तीन सिलिंडर, 796 सीसी, सगळं हाताला लागेल असं. घरी इंजिन शिकायला याहून चांगली गाडी मला माहीत नाही.

रिंगांचं काम सोपं. बिस्किटांच्या डब्याचा पत्रा पट्टीसारखा कापायचा, कडा कानशीने घासायच्या, तेल लावून पिस्टनभोवती गुंडाळायचा आणि होज क्लिपने आवळायचा. पत्रा ब्लॉकला सपाट टेकलेला हवा. फट राहिली तर रिंग तिथेच बाहेर उसळते. मग हातोडीच्या लाकडी दांड्यानं हलके ठोके. क्लचसाठी लाकडाची खुंटी पुरते. तिच्यावर इन्शुलेशन टेप गुंडाळत जाडी जमवायची.

वॉल्व्हला डोकं चालवावं लागतं. हेड उतरवलेलं असेल तर सी-क्लॅम्प आणि खिडकी कापलेला पाइपचा तुकडा; त्या खिडकीतून चिमट्याने कॉटर काढता येतात. पण फक्त सील बदलायचं असेल तर हेड का उतरवा? पिस्टन थोडा खाली घ्यायचा, प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सरकवायची, बाहेरच्या टोकाला गाठ मारायची आणि क्रँक हळूहळू फिरवायचा. पिस्टन वर येतो, दोरी वॉल्व्हला खालून आधार देते आणि स्प्रिंग काढली तरी वॉल्व्ह आत पडत नाही. सुतळी मात्र वापरू नये, तिचे तंतू सिलिंडरमध्ये राहतात.

एक गोष्ट घरी बनवू नये: गाडी उचलून धरणारा आधार. विटांवर ठेवलेल्या किंवा नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कुणी शिरलेलं दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो. स्टँड चांगले, विकतचेच घ्या.

माझं सगळ्यात आवडतं हत्यार जुन्या स्पार्क प्लगचं आहे. आतली चिनी माती फोडून काढायची, राहिलेल्या लोखंडी कवचावर हवेच्या पाइपचं निपल वेल्ड करून घ्यायचं. प्लगचे 14 मिलिमीटरचे आटे आयतेच मिळतात. दोन्ही वॉल्व्ह मिटलेले असताना पिस्टन वरच्या टोकाला आणायचा, गाडी गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढायचा आणि कॉम्प्रेसरची हवा सोडायची. मग कान लावायचा. कार्ब्युरेटरकडे फुसफुस आली तर इनलेट वॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट. ऑइल भरायच्या तोंडातून जोरात येत असेल तर रिंगा गेल्या. आणि रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे उठले, तर आज हेड उतरवावंच लागणार.