ओळख टर्बोची – लेखांक ५ : फुस्स करणारी झडप

मागच्या लेखात आपण वेस्टगेट पाहिली. एक्झॉस्टच्या बाजूला बसून टर्बोला किती फिरू द्यायचं, ते ती ठरवते. आजची झडप दुसऱ्या बाजूला, इंजिनात जाणाऱ्या हवेच्या वाटेवर असते. या दोघींची गल्लत गॅरेजमध्येही सर्रास होते. हिचं नाव ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, पोरांच्या भाषेत 'बीओव्ही'. गिअर बदलताना येणाऱ्या 'फुस्स' आवाजामुळे ती गाजली. गंमत अशी की, हा आवाज ऐकूच येऊ नये म्हणून बहुतेक गाडी-कंपन्या धडपडत असतात.

ती लागते कशाला? समजा, टर्बो पेट्रोल गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ताणली आहे. कॉम्प्रेसरचं चाक मिनिटाला दीड लाखाच्या आसपास फेऱ्या घेतंय आणि पाइपात बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे एक बार जास्त दाब, म्हणजेच बूस्ट, आहे. गिअर टाकायला तुम्ही अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलता. थ्रॉटलची चकती क्षणात मिटते, पण चाकाला ब्रेक नसतो. ते हवा रेटतच राहतं आणि पुढे वाट बंद. कोंडलेली हवा मग उलटी वळते आणि फिरत्या पात्यांमधूनच मागे निसटते. दाब उतरला की पुन्हा पुढे, चढला की पुन्हा मागे. डोळ्याचं पातं लवेपर्यंत हे कितीतरी वेळा घडतं आणि बॉनेटखालून फडफड ऐकू येते. ही कॉम्प्रेसर सर्ज.

अशा प्रत्येक हेलकाव्यात टर्बोचा दांडा पुढेमागे ढकलला जातो आणि तो मार थ्रस्ट बेअरिंग खातं. चाकाचा वेगही मरतो, त्यामुळे पुढच्या गिअरमध्ये पिकअप यायला वेळ लागतो. मात्र झडपेवाचून टर्बो महिन्याभरात निकामी होतो, ही भीती मला अतिरंजित वाटते. कंपनीच्या मूळ, बेताच्या बूस्टवर झीज झालीच तर सावकाश होते. बूस्ट वाढवून रोज पिळलेल्या गाडीची गोष्ट वेगळी.

जुन्या धाटणीच्या झडपेला ना वीज लागते ना कॉम्प्युटर. आत रबरी डायफ्रॅम, त्यावर स्प्रिंग आणि डोक्यावरून इनटेक मॅनिफोल्डकडे जाणारी करंगळीएवढी होस, एवढाच संसार. अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असतो तेव्हा खालून बूस्ट आणि होसमधून वरूनही बूस्ट, त्यामुळे स्प्रिंगचं पारडं जड होतं आणि झडप बंद राहते. पाय उचलला की थ्रॉटलपलीकडे इंजिन हवा ओढत राहतं आणि तिथे व्हॅक्यूम तयार होतो. तो डायफ्रॅमला वर खेचतो, खालची कोंडलेली हवा त्याला उचलते आणि झडप उघडते.

आता खरा प्रश्न : सुटलेली हवा जाते कुठे? सुबारूची इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स घ्या. १९९२ साली जपानात आलेली ही गाडी रॅलीच्या शौकिनांची लाडकी. तिच्यात झडप इंजिनावरच्या, हवा गार करणाऱ्या इंटरकूलरलाच बोल्टने आवळलेली असते आणि सुटलेली हवा एका पाइपातून परत टर्बोच्या तोंडाशी नेलेली असते. आवाज जवळजवळ नाहीच. हौशी मालक ही झडप काढून हवा थेट बाहेर फेकणारी बसवतात आणि तिथून दुखणी सुरू होतात.

कारण एअर फिल्टरनंतर लगेच बसलेल्या मास एअरफ्लो सेन्सरने ती हवा आधीच मोजलेली असते. कॉम्प्युटर त्या मापाने पेट्रोल सोडतो आणि हवा मात्र वाटेतच पसार. मोजून पानं वाढावीत आणि पंगत बसायच्या आत निम्मी मंडळी उठून जावीत, तशी गत. उरलेलं पेट्रोल धड जळत नाही. मिक्स्चर रिच होतं, सायलेन्सरमधून काळा धूर आणि फटाके येतात, गाडी हिसके देते, सिग्नलला थांबताना बंदही पडते. स्प्रिंग मऊ असेल तर आणखी एक त्रास होतो : आयडलिंगला झडप किंचित उघडी राहते आणि न मोजलेली हवा आत शिरते. त्यामुळे आयडल वरखाली होत राहतं. काही गाड्या हवा अशी मोजत नाहीत, मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हिशेब करतात. त्यांना बाहेर उघडणारी झडप बरीचशी पचते. तेव्हा झडपेचा ब्रँड विचारण्याआधी आपल्या गाडीत सेन्सर कोणता आहे, ते विचारा.

फोक्सवॅगन समूहाचं १.८ टर्बो पेट्रोल इंजिन आपल्याकडे पहिल्या ऑक्टाव्हिया आरएसमध्ये २००४ च्या सुमारास आलं. त्याची झडप प्लास्टिकच्या खोळीत असते. वय झालं की आतलं रबर चिरतं, बूस्ट गळतो आणि गाडी दमल्यासारखी चालते. तपासणी सोपी आहे. झडप काढून हातात घ्या, आतली तबकडी बोटाने पूर्ण दाबा, होसच्या तोंडावर दुसरं बोट घट्ट धरा आणि पहिलं काढून घ्या. तबकडी आतच राहिली तर डायफ्रॅम शाबूत. लगेच बाहेर आली तर नवी झडप आणा.

आणि डिझेल? तिथे गाडीचा जोर हवा अडवून नव्हे, तर डिझेल कमी-जास्त करून आवरला जातो. पाय उचलला तरी इंजिन हवा घेतच राहतं, त्यामुळे कोंडमारा होत नाही आणि झडपेचं कामच उरत नाही. आजच्या डिझेलमध्ये हवेच्या वाटेवर एक फ्लॅप असतो खरा, पण तो एक्झॉस्ट वायू फिरवून आत घ्यायला आणि इंजिन न हादरता बंद करायला. एसटी किंवा ट्रक फुस्स करतो, तो एअर ब्रेकच्या यंत्रणेतली हवा सुटते म्हणून. टर्बोचा त्यात हात नाही. तरीही डिझेल गाड्यांसाठी विजेवर उघडणारी 'बीओव्ही किट' बाजारात मिळतात. पाय उचलला की ती बूस्ट बाहेर सोडतात, निव्वळ आवाजासाठी. एक जोड वाढला की गळतीची एक जागा वाढते. मी तरी असं किट कुणाला सुचवणार नाही.

पुढच्या आठवड्यात इंटरकूलर.