लॉक तुटलेली लॅन केबल

रायपूरमधल्या पंडरीच्या कापड बाजारात बिलाच्या कॉम्प्युटरमागे डोकावलं, की साड्यांच्या गठ्ठ्यांआड एक छोटा नेटवर्क स्विच आणि त्यात खोचलेल्या केबली दिसतात. त्यातल्या एखादीचं प्लास्टिकचं लॉक हमखास तुटलेलं असतं. केबल लागलेली दिसते, पण टेबलाला जरा धक्का लागला की ऐन गर्दीत बिलिंग बंद!

एवढ्या महत्त्वाच्या जागी इतकं नाजूक लॉक कसं? कारण ते कॉम्प्युटरसाठी जन्मलेलंच नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेत टेलिफोनसाठी हा प्लग रुळला. त्याआधी बहुतेक फोन तारांनी कायमचे जोडलेले असत आणि हलवायचे तर कंपनीचा माणूस लागे. या प्लगने ते काम घरातल्या कुणाच्याही हाती दिलं. स्प्रिंग नाही, स्क्रू नाही. प्लास्टिकची एक पट्टी आत जाताना दबते, उसळून खाचेत बसते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. क्वचित काढायच्या फोनला हे उत्तमच होतं. पण त्या पट्टीचं मोकळं टोक केबलच्या दिशेला असतं. गुंत्यातून केबल ओढली की ते गळासारखं दुसऱ्या तारांत अडकतं आणि मुळातून मोडतं.

त्यावर उपाय म्हणून लॉकवर रबरी बूट आला, आणि त्यातून एक विलक्षण घोटाळा झाला. स्विच बनवणाऱ्या सिस्को कंपनीच्या कॅटॅलिस्ट ३६५० आणि ३८५० मालिकांतल्या ४८ पोर्टच्या स्विचवर ‘मोड’ बटण पहिल्या पोर्टला अगदी खेटून होतं. बूट असलेली केबल त्या पोर्टमध्ये पूर्ण बसली, की बूट ते बटण दाबून धरी. काही सेकंदांत स्विच आपली सगळी सेटिंग्ज विसरून नव्याने सुरू होई! २०१३मध्ये कंपनीला तशी सूचना काढावी लागली. लॉक वाचवणाऱ्या रबराच्या तुकड्याने अख्ख्या ऑफिसचं नेटवर्क पाडावं, हे मला आजही थक्क करतं.

छोट्या दुकानात लॉक मोडलं, की केबलचं टोक कापून नवा कनेक्टर क्रिम्प करतात, म्हणजे दाबून पक्का बसवतात. ते काम जवळून बघण्यासारखं असतं. आवरण सोललं की पीळ दिलेल्या चार जोड्या, आठ तारा. बोटांनी त्या सरळ करून रंगाच्या क्रमाने लावायच्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीला दुभंगून निळी मधोमध का बसते? फोनची लाइन प्लगच्या मधल्या दोन पिनांवर असे, म्हणून! १९९०मध्ये या साध्या तारांवरच्या इथरनेटचं मानक ठरलं, तेव्हाही त्या दोन पिना मोकळ्या सोडल्या होत्या. आणि तारांना पीळ देण्याची युक्ती तर ग्रॅहम बेलची, १८८१च्या पेटंटमधली. बाहेरचा विद्युत गोंगाट पिळातल्या दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो. पलीकडचं यंत्र दोन्हींतला फरक तेवढा वाचतं, त्यामुळे गोंगाट आपोआप वजा होतो.

क्रिम्प करताना तपकिरी तार नीट टोचली गेली नाही, तर आणखी गंमत. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. त्यामुळे पुष्कळदा दिवा लागतो, नेटही चालतं, फक्त वेग दहापट कमी. कुठली तार हुकली हे प्लगकडे नुसतं बघून ओळखणं अवघड. एवढी हुशार यंत्रं, पण दुखणं कुठे आहे ते चेहऱ्यावर दाखवत नाहीत, याची मला खरंच चीड येते.

पंडरीत आणखी एक अडचण. असे छोटे स्विच बहुधा बिनपंख्याचे असतात आणि डबीच्या फटींतून जाणाऱ्या हवेवर थंड राहतात. कापडाचा बारीक तंतू त्याच फटींवर साचतो. अनेक स्विचच्या माहितीपत्रकात ४० अंशांची मर्यादा छापलेली असते. रायपूरच्या मे महिन्यात बाहेरचा पारा त्यावर जातो. गठ्ठ्यांच्या खाली ठेवलेला स्विच भिंतीवर मोकळ्या हवेत टांगला आणि फटी अधूनमधून ब्रशने झाडल्या, तरी पुष्कळ फरक पडतो. लॉकचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. रेल्वेच्या डब्यांत आणि कारखान्यांत एम-१२ नावाचा गोल प्लग वापरतात. तो फिरवून आवळायचा असतो, धक्क्यांनी सुटत नाही. दुकानातल्या स्विचला तसं भोकच नसतं.