वाढीचा निरोप

उंदराचें पिलूं जन्मतें तेव्हां त्याचे डोळे मिटलेले असतात आणि ते उघडण्यास तेरा-चौदा दिवस लागतात. अमेरिकेंतील सेंट लुई येथें १९५० नंतरच्या दशकांत रीता लेव्ही-मोंतालचिनी आणि स्टॅन्ली कोहेन हे दोघे मज्जातंतूंची वाढ करणारें एक द्रव्य शोधीत होते. उंदराच्या लाळग्रंथींत तें विपुल सांपडलें. परंतु त्या ग्रंथींचा अर्क नवजात पिलांस टोंचला असतां सातव्या दिवसाच्या सुमारासच त्यांचे डोळे उघडले आणि दांतही लवकर आले! मज्जातंतूंशीं याचा संबंध काय? दुसऱ्या एखाद्यानें हा दोष अर्कांतील भेसळीच्या माथीं मारून तो विषय संपविला असता. कोहेन यांनीं त्या भेसळीचाच पाठपुरावा केला आणि १९६२ सालीं तींतील प्रथिन शुद्ध स्वरूपांत जगापुढें मांडलें. त्यासच पुढें ‘एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर’ हें नांव मिळालें. १९८६ चें नोबेल पारितोषिक या दोघांस मिळालें.

हें प्रथिन म्हणजे ५३ अमिनो आम्लांची एक चिमुकली सांखळी. तें पेशीच्या आंत शिरून कांहीं करीत नाहीं. पेशीच्या पृष्ठभागावर त्याच्याच मापाचा एक ग्राहक असतो. त्यास तें चिकटलें कीं ‘आतां दुभंग’ हा निरोप आंत पोंचतो. कांचेच्या बशींत माणसाच्या त्वचेच्या पेशी वाढवावयाच्या तर त्यांना हा निरोप हवाच, आणि तोही किती? एका मिलिलिटर पोषक द्रवांत दहा-वीस नॅनोग्रॅम. म्हणजे ग्रॅमच्या अब्जांशाचे दहा-वीस भाग!

माणसाच्या शरीरांतील हें प्रथिन १९७५ सालीं मूत्रांत ओळखलें गेलें. त्याच्या ५३ कड्यांपैकीं ३७ उंदराच्या प्रथिनाशीं जुळतात. पण मूत्रांतून तें मिळणार किती? १९८० नंतर त्याचें जनुक जीवाणूंत व किण्वांत घालून तेथेंच तें तयार करवूं लागले. येथें एक अडचण होती. या सांखळीस गंधकाचे तीन पूल असतात आणि जीवाणूच्या पोटांत ते नीट जुळत नाहींत. सांखळी पुन्हां उलगडून योग्य घडी घालावी लागते. घडी चुकली तर वजन तेवढेंच, पण निरोप मुका.

प्रयोगशाळेंत येणाऱ्या पांढऱ्या भुकटीच्या कुपीवर ‘केवळ संशोधनासाठीं’ असें लिहिलेलें असतें, तें उगाच नव्हे. जीवाणूंच्या वेष्टणाचा सूक्ष्म अंशही माणसाच्या रक्तांत गेल्यास ताप आणतो, आणि औषधाच्या कसोट्या या कुपीनें दिलेल्या नसतात. मधुमेह्यांच्या पायांच्या जखमांवर याच प्रथिनाचीं औषधें कांहीं देशांत निघालीं आहेत खरीं, पण तीं निराळ्या परीक्षांतून उतरलेलीं.

भीतीचें आणखीही एक कारण आहे. कोंबड्यांत कर्करोग उत्पन्न करणाऱ्या एका विषाणूचें जनुक हें या ग्राहकाचेंच मोडकें रूप आहे, असें १९८४ सालीं आढळलें. निरोप्या आलेला नसतांही तो ग्राहक ‘दुभंग, दुभंग’ असा घोष चालूं ठेवतो. फुप्फुसाच्या कांहीं कर्करोगांवर आज दिलीं जाणारीं औषधें याच ग्राहकाचें काम बंद पाडतात. आणि तीं तें खरोखर बंद पाडतात कीं नाहीं हें पाहावयाचें तर बशींतील पेशींना आधीं याच कुपींतून निरोप पाठवावा लागतो.