स्पिटफायरचा खरेपणा रंगात नाही, वजनात

फोमची वॉरबर्ड बांधताना बहुतेकांचा जीव रिव्हेट आणि पॅनेलच्या रेषांत अडकतो. माझं मत असं, की स्केल मॉडेलचा खरेपणा आधी वजनकाट्यावर ठरतो. स्पिटफायर मार्क 5 घ्या. पंखांचा विस्तार सुमारे 11.2 मीटर, उड्डाणाचं वजन साधारण 3,000 किलो. 1/10 प्रमाणात लांबी दहापट घटते, पंखांचं क्षेत्रफळ शंभरपट आणि घनफळ हजारपट. त्या हिशेबाने मॉडेल 3 किलोचं हवं. पण तेवढं वजन हवेत तोलायला लागणारा वेग मूळच्या दहाव्या हिश्शाचा नसतो, जवळपास तिसऱ्या हिश्शाचा असतो. म्हणून जड मॉडेल पिसाळलेल्या माशीसारखं भिरभिरतं. वेगही दहापट घटवायचा तर वजन 300 ग्रॅम हवं. ते जमणं कठीण, पण फोममुळे सव्वा किलोच्या आसपास थांबता येतं आणि वेग पाचव्या हिश्शावर येतो.

हलकं विमान वाऱ्यात हेलकावतं, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय सकाळची शांत हवा. जड विमानाची अडचण मात्र उतरताना कळते: वेग जरा कमी झाला की निमुळत्या पंखाचं टोक आधी स्टॉल होतं. म्हणूनच मूळ स्पिटफायरच्या पंखाला टोकाकडे सुमारे अडीच अंशांचा पीळ होता. तो मॉडेललाही द्या. फोम थर्माकोलसारखा दिसतो म्हणाल, तर पातळ केलेल्या फेव्हिकॉलने ब्राऊन पेपर चिकटवा, घासा, रेषा बोथट बॉलपेनने दाबा. फक्त शेपटीकडे हात आखडता ठेवा. तिथल्या प्रत्येक ग्रॅमची भरपाई नाकात दोन-तीन ग्रॅम शिसं घालून करावी लागते.