वारुळावरची अळंबी : ओळखा, मगच शिजवा



भाताची लावणी उरकत आली, की आपल्या जव्हार-विक्रमगडपासून डहाणू-पालघरपर्यंत रानाच्या कडेला, बांधावर, वरकस माळावर अळंबी उगवू लागते. पानात बांधलेले तिचे वाटे रस्त्याकडेला आणि बाजारात येतात. ही चार दिवसांची रानभाजी घरच्या चुलीला आधार देते. पण एक चुकीची छत्री टोपलीत आली, तर घरावर संकट येते. म्हणून आज अळंबीची माहिती नीट समजून घेऊ.

ही उगवते कशी?

चांगली अळंबी वारुळाशी बांधलेली असते. वाळवी वाळका पाला आणि लाकूड चावून वारुळात नेते. त्याची स्पंजासारखी पोळी करते आणि तिच्यावर बुरशी वाढवते. कठीण लाकूड पचवायचे काम बुरशी करते, वाळवी ती बुरशी खाते. हा साझा सुमारे 3 कोटी वर्षांचा आहे, असे शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे शेती करण्यात वाळवी आपल्याहून कितीतरी जुनी! पावसाने माती भिजली, की हीच बुरशी जमीन फोडून छत्रीच्या रूपाने वर येते.

बाजारातली पाकिटातली बटण अळंबी किंवा धिंगरी माणूस वाढवू शकतो. वारुळावरची अळंबी मात्र अजून शेतीत घेता आलेली नाही. वारूळ मोडले तर तिथली अळंबीही गेली.

ओळखावी कशी?

पुढच्या सगळ्या खुणा जुळल्या पाहिजेत :

1. जागा वारुळाची किंवा वारूळ जमिनीखाली असल्याची माहीत असलेली हवी. अळंबी बहुधा दरवर्षी त्याच जागी येते.
2. छत्रीच्या मधोमध टोकदार उंचवटा असतो.
3. छत्रीखालचे पडदे आधी पांढरे असतात, मग फिकट गुलाबी होतात.
4. देठ मुळासारखा निमुळता होत खोल मातीत जातो. बुडाशी पिशवी किंवा वाटी नसते.

देठाच्या बुडाशी वाटीसारखे आवरण दिसले, तर हातही लावू नका. तशा काही जाती जीवघेण्या असतात. कुरणात, शेणखताच्या जागी येणारी मोठी पांढरी, वर तपकिरी खवले असलेली आणि खालचे पडदे पुढे हिरवट होणारी छत्रीही विषारी आहे.

शंका आली तर एक छत्री देठ काढून, पडदे खाली करून, अर्ध्या पांढऱ्या व अर्ध्या काळ्या कागदावर ठेवा. वर भांडे झाका. काही तासांनी भुकटी पडते. ती हिरवट किंवा शुभ्र पांढरी पडली तर सगळी टाकून द्या. गुलाबीसर पडली तरी बाकीच्या खुणा बघाच.

चांदीचे नाणे काळे पडते का, किड्याने खाल्ली आहे का, लसूण टाकल्यावर रंग बदलतो का, या परीक्षा खोट्या आहेत. विषारी अळंबी किडेही खातात. काही विषे उकळूनही जात नाहीत. एप्रिल 2022 मध्ये आसामात रानातली विषारी अळंबी खाऊन दहाहून अधिक माणसे दगावली, हे विसरू नका.

कुठली खुडू नये?

अळंबी जमिनीतले जड धातू शोषून घेते. म्हणून बोईसर-तारापूरच्या कारखान्यांजवळची, सांडपाण्याच्या नाल्याकाठची, हमरस्त्याच्या कडेची अळंबी नको. वारुळात कीटकनाशक टाकले असेल, तर तिथलीही नको.

खुडणे आणि शिजवणे

काठीने देठाभोवतीची माती सैल करा, अलगद फिरवून उपटा, खड्डा बुजवा. वारूळ खणू नका. पूर्ण उमललेल्या काही छत्र्या बी पडण्यासाठी तशाच ठेवा.

आणली त्याच दिवशी करा. माती लागलेले बूड कापा, दोन-तीन पाण्यांत धुवा, हाताने फाडा. कांदा, लसूण, मिरची आणि हळद तेलात परतून त्यात घाला. तिला स्वतःचे पाणी सुटते, म्हणून वरून पाणी बेताने घाला. पंधरा-वीस मिनिटे चांगली शिजू द्या. तांदळाच्या नाहीतर नागलीच्या भाकरीबरोबर छान लागते. उरली तर दोऱ्यात ओवून उन्हात किंवा चुलीच्या वर सुकवा. उन्हात सुकवल्याने तिच्यात ड जीवनसत्त्व वाढते.

औषध म्हणून किती?

ताज्या अळंबीत बरेचसे पाणीच असते, पण वाळल्यावर उरणाऱ्या भागात प्रथिने चांगली असतात. डाळ-मासळी कमी मिळणाऱ्या घराला ती उपयोगी आहे. देशातल्या अनेक आदिवासी भागांत ताप-सर्दीत आणि अशक्तपणात तिचे पातळ कालवण देतात. अंगी ताकद येण्यासाठी ते ठीक आहे, पण त्याने डॉक्टरांचे औषध बंद करू नका. पहिल्यांदा खाणाऱ्याने थोडीच खावी.

त्रास झालाच तर

उलटी, जुलाब, पोटात कळ सुरू झाली तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. 108 ला फोन करा आणि दवाखाना गाठा. उरलेली अळंबी बरोबर न्या. जीवघेण्या जातीचा त्रास सहा तासांनी किंवा त्याहून उशिरा सुरू होतो. मध्ये बरे वाटते, पण आत यकृत निकामी होत असते. बरे वाटले म्हणून घरी राहू नका.

घराच्या लाकडाला किंवा रोपांना लागलेल्या वाळवीवर उपाय करावाच लागतो. पण माळावरचे, बांधावरचे निरुपद्रवी वारूळ राखा. आणि घरातल्या जाणत्या आजीबरोबर पोरांना एकदा रानात पाठवा. ही ओळख कागदावर वाचून पुरत नाही, ती डोळ्यांनी आणि हातांनी शिकावी लागते. खात्री नसेल तर त्या दिवशी डाळ-भात खा. अळंबी पुढच्या पावसात पुन्हा येईल.