चकली, जबडा आणि आमचं इंजिनियरिंग

दिवाळीच्या फराळाला सौ.ने चकली तोडली आणि कानाजवळ ‘कट्ट’ असा आवाज आला. पुढे दोन आठवडे तोंड धड उघडेना. मग कळलं, सहा महिन्यांपासून दुखतंय, पण बाईसाहेब बोलल्या नव्हत्या! आम्ही पडलो मेकॅनिकलवाले. लगेच निदान केलं, ‘बेअरिंग झिजलंय, वंगण संपलंय.’

वाचायला बसलो आणि आमचं निदान अर्धवट ठरलं.

कानापुढे बोट ठेवून तोंड उघडून पाहा. हाड आधी बिजागरीसारखं फिरतं, मग पुढे घसरतं. मधली लवचिक चकती जागची सरकली की ‘कट्ट’ वाजतं. नुसता आवाज असेल, दुखत नसेल, तर बहुधा काळजी नसते.

झीज मात्र निराळी. झोपेत दात आवळले की सांध्यातल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात. पकड सुटली की रक्त परत येतं आणि त्याबरोबर फ्री रॅडिकल्स तयार होतात, असा एक सिद्धांत आहे. हे रेणू वंगणातलं हायलुरॉनिक अ‍ॅसिड तोडतात. घर्षण वाढतं. मग पेशी इंटरल्युकिन-१, टीएनएफ अशा रेणूंमार्फत निरोप धाडतात आणि मेटॅलोप्रोटीनेज नावाची एन्झाइम्स कूर्चेतलं कोलॅजन कापू लागतात. म्हणजे सांधा नुसता झिजत नाही, स्वतःलाच कुरतडतो.

हे न ओळखल्याची किंमत अमेरिकेत अनेकांनी मोजली. १९८० च्या दशकात खराब चकती काढून टेफ्लॉनचा थर असलेली कृत्रिम चकती बसवत. घर्षण जवळपास नाहीच. आम्हालाही पटलं असतं! पण चावण्याच्या दाबाखाली तिचा चुरा झाला. तो गिळायला शरीराने महाकाय पेशी उभ्या केल्या आणि त्यात आजूबाजूचं हाडही पोखरलं गेलं. अखेर १९९०-९१ मध्ये एफडीएने इशारा दिला आणि त्या चकत्या परत मागवल्या गेल्या.

सौ.ला डॉक्टरांनी मऊ खाणं, शेक, रात्री दातांवर बसवायची पट्टी आणि एक मंत्र दिला: ओठ मिटलेले, दात सुटे. चार महिन्यांत आराम पडला.

हा विकार बायकांत अधिक आढळतो, म्हणून घरात एकदा विचारा. दुखत असेल, तोंड अडकत असेल तर वेळीच दाखवा. मात्र दात कायमचे घासायचे किंवा ऑपरेशन करायचं म्हटलं, तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. जिवंत सांध्याला स्पेअर पार्ट समजू नये, एवढं आम्ही शिकलो.