टाकी भरण्याआधी

तीस अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात, एका लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. नदीतले मासे, शिंपले, किडे या सगळ्यांना तेवढ्यातच भागवावं लागतं. घरगुती सांडपाण्यातली घाण कुजवताना मात्र जिवाणू लिटरमागे २०० ते २५० मिलिग्रॅम ऑक्सिजन खर्च करतात. म्हणजे एक लिटर सांडपाणी नदीच्या तीसेक लिटर पाण्यातला प्राणवायू संपवू शकतं.

सेप्टिक टँकच्या तळाशी साचलेला मैला याहून कितीतरी जहाल. त्याची ऑक्सिजनची मागणी लिटरमागे तीन हजार मिलिग्रॅम धरली, तर ओढ्यात रिकामा केलेला पाच हजार लिटरचा एकच टँकर २० लाख लिटर पाण्याला पुरून उरतो. वाहतं पाणी हवेतून पुन्हा ऑक्सिजन घेतं हे खरं, पण उन्हाळ्यात आपल्या नद्या वाहतात तरी किती?

म्हणूनच वाईत जे सुरू झालं, ते मला फार मोलाचं वाटतं. विश्वकोशाचं आणि ढोल्या गणपतीचं हे गाव कृष्णेच्या काठावर, धोम धरणाच्या खाली वसलंय. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ३६ हजारांच्या घरात. एवढ्या गावाला घरोघर भूमिगत गटार पोचवणं सोपं नसतं. इथे बहुतेकांची भिस्त सेप्टिक टँकवरच. २०१८ पासून नगरपरिषदेने या टाक्या उपसण्याचं वेळापत्रकच लावलं. गावाचे भाग पाडायचे, टँकरने एकेका भागात घरोघरी जायचं आणि प्रत्येक टाकी तीन वर्षांतून एकदा रिकामी करायची. घरमालकाने फोन करायची वाट बघायची नाही. खर्च स्वच्छता करातून. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनेही हीच पद्धत धरली.

तीनच वर्षं का? टाकीत आलेलं पाणी दिवसभर तरी निवांत राहिलं, तर जड घाण तळाशी बसते, तेलकट थर वर तरंगतो आणि मधलं निवळलेलं पाणी बाहेर पडतं. तळाचा मैला ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू हळूहळू पचवतात, पण सगळा नाही. गाळ चढत जातो, पाण्याला थांबायला जागा उरत नाही, आणि आलेली घाण जशीच्या तशी गटारात जाते. घरात मात्र याचा पत्ताही लागत नाही, संडास नीट चालतोच आहे! मग आठ-दहा वर्षांनी टाकी तुंबते. तोवर गाळ इतका घट्ट झालेला असतो की पंपाला ओढवत नाही, आणि कुणाला तरी आत उतरवलं जातं. आत हायड्रोजन सल्फाइडसारखे विषारी वायू कोंडलेले असतात. सुरक्षेविना माणूस टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी त्या वायूंनी माणसं मरतच आहेत. वेळेवर उपसलेला पातळ मैला नळीनेच निघतो. या वेळापत्रकाने नदीइतकीच माणसंही वाचतात.

उपसलेला मैला जातो वाईच्या प्रक्रिया केंद्रात. क्षमता दिवसाला ७० हजार लिटर. तिथे आधी पाणी आणि घट्ट भाग वेगळे होतात. घट्ट भाग वाळवून, अपुऱ्या हवेत कडक तापवला की कोळशासारखा पदार्थ उरतो. जंतांची अंडी मैल्यात महिनोन्‌महिने तग धरतात. या उष्णतेत ती टिकत नाहीत. वेगळ्या झालेल्या पाण्यावर स्वतंत्र प्रक्रिया करावी लागते.

एवढ्याने कृष्णा सुरक्षित झाली, असं मात्र मानू नये. उत्तम राखलेली टाकीसुद्धा सेंद्रिय घाण फार तर निम्मी कमी करते आणि रोगजंतू बरेचसे सोडूनच देते. टाकीतून बाहेर पडणारं हे पाणी शोषखड्ड्यात जिरायला हवं. घाटालगतच्या दाट आळ्यांत खड्ड्याला जागा कुठून आणायची? तिथे नाले नदीला मिळण्याआधीच अडवून ते पाणी शुद्ध करावं लागेल. टाक्या वेळेवर उपसल्या गेल्या, तर त्या नाल्यांत गाळ कमी येईल, आणि खडी-वाळूच्या थरांत पाणवनस्पती लावलेले, विजेवर फारसे न विसंबणारे वाफेही ते काम करू शकतील.